मासळी वाढली, जाळ्यातली किती आणि तळ्यातली किती?

आमेर (जयपूर) : आमेरच्या किल्ल्याखालील मावठा तलावाकाठी मासेमारीची जाळी दिसत नाहीत. राजस्थानात तलावातील माशांना कणकेच्या गोळ्या घालणे हे पुण्यकर्म मानले जाते. मासे धरणे हा या भागात फार थोड्यांचा व्यवसाय आहे. विरोधाभास असा की या परिसराची ओळखच मासा या शब्दाने झालेली आहे. कछवाहा राजवंशाच्या आधी आमेरवर मीणांची सत्ता होती आणि हा समाज आपले नाव 'मीन' या शब्दाशी जोडतो. येथून उत्तरेकडील विराटनगर ही महाभारतातील मत्स्य देशाची राजधानी मानली जाते. पांडवांचा अज्ञातवास तेथे सरला. स्वातंत्र्यानंतर अलवर, भरतपूर, धौलपूर आणि करौली या संस्थानांचा जो संघ मार्च १९४८ मध्ये स्थापन झाला, त्यालाही 'मत्स्य संघ' असेच नाव देण्यात आले. मात्र नावातला मासा ताटात उतरला नाही. नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१४ च्या पाहणीनुसार राजस्थानातील ७४.९ टक्के लोक शाकाहारी आहेत.

असे असूनही देशाच्या मासळी बाजारातील सर्वांत अवघड प्रश्न या कोरड्या राज्यातून अधिक स्पष्ट दिसतो. देशात मासळीचे उत्पादन वेगाने वाढत आहे, हे निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच आहे की त्यातील समुद्रातून, नदीतून, निसर्गातून धरलेली मासळी किती, आणि माणसाने बीज सोडून, खाद्य घालून वाढवलेली किती. या प्रश्नाचे थेट उत्तर सरकारी आकडेवारीच्या मुख्य तक्त्यांत मिळत नाही.

१९५०-५१ मध्ये देशाचे एकूण मत्स्योत्पादन ७.५२ लाख टन होते. त्यांपैकी ५.३४ लाख टन, म्हणजे सुमारे ७१ टक्के, सागरी होते. गोड्या पाण्यातील मासळी अवघी २.१८ लाख टन होती. २०१३-१४ मध्ये एकूण उत्पादन ९५.७९ लाख टनांवर पोहोचले. २०२२-२३ मध्ये ते १७५.४५ लाख टन झाले आणि २०२४-२५ साठी केंद्र सरकारने १९७.७५ लाख टनांचा आकडा दिला आहे. अकरा वर्षांत दुपटीहून अधिक, असा या वाढीचा अभिमानाने उल्लेख केला जातो. परंतु २०२२-२३ च्या आकड्याची फोड केली, तर सागरी उत्पादन ४४.३२ लाख टन आणि अंतर्देशीय म्हणजे गोड्या व निमखाऱ्या पाण्यातील उत्पादन १३१.१३ लाख टन भरते. ज्या सागरी मासळीचा वाटा एके काळी सात दशांश होता, तो आता एक चतुर्थांश राहिला आहे.

येथे वाचकाची दिशाभूल होण्याचा मोठा धोका आहे. सागरी म्हणजे नैसर्गिक आणि अंतर्देशीय म्हणजे संवर्धित, असे समीकरण अनेकदा मांडले जाते. ते बरोबर नाही. अंतर्देशीय आकड्यात आंध्र प्रदेशातील रोहू-कटल्याची तळी आहेत, कोळंबीची शेततळी आहेत आणि गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरीत जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांचा घासही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, नद्या, सरोवरे व जलाशयांतून मासळी पकडण्यात २०२२ मध्ये भारत जगात पहिला होता. भारताचे हे उत्पादन १९ लाख टन, बांगलादेशाचे १३ लाख टन आणि चीनचे १२ लाख टन होते. भारताच्या या अग्रस्थानामागे चीनचा एक निर्णयही आहे. चीनने जानेवारी २०२१ पासून यांगत्से नदीत दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू केली. पहिला क्रमांक मिळण्यात स्वतःच्या प्रगतीइतकाच दुसऱ्याने घेतलेल्या विश्रांतीचाही हातभार असू शकतो, ही गोष्ट अशा याद्या वाचताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

मग नैसर्गिक मासळीचा राष्ट्रीय वाटा किती? कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी ३४.९ लाख टन असल्याचे नोंदवले. त्यात जागतिक अहवालातील १९ लाख टन गोड्या पाण्यातील पकड मिळवली, तर सुमारे ५४ लाख टनांची बेरीज होते. त्या सुमारासच्या १७५ लाख टनांच्या एकूण उत्पादनाशी तिचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास येते. दोन्ही आकड्यांच्या पद्धती आणि कालखंड वेगळे असल्याने हा अंदाज काटेकोर मानता येणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे: भारतात विकल्या जाणाऱ्या दर तीन किलो मासळीत नैसर्गिक मासळी जेमतेम एक किलो आहे. जगाचे चित्र तुलनेने संतुलित आहे. २०२२ मध्ये जलचर प्राण्यांच्या जागतिक उत्पादनात संवर्धनाचा वाटा प्रथमच निम्म्यापुढे, म्हणजे ५१ टक्क्यांवर गेला. भारताने तो टप्पा कधीच मागे टाकला आहे.

याच हिशेबात आणखी एक विसंगती समोर येते. २०२२-२३ ची केंद्रीय आकडेवारी सागरी उत्पादन ४४.३२ लाख टन सांगते, तर संशोधन संस्थेची २०२२ ची नोंद ३४.९ लाख टनांची आहे. कॅलेंडर वर्ष आणि आर्थिक वर्ष यांतील फरक तसेच अंदमान-निकोबार व लक्षद्वीप वगळले जाणे लक्षात घेतले, तरी सुमारे नऊ लाख टनांची तफावत लहान नाही. एक आकडा राज्यांच्या मत्स्य विभागांकडून येतो, दुसरा बंदरांवरील शास्त्रीय नमुना पद्धतीतून. समुद्रातून किती काढायचे, याची मर्यादा ठरवणारे धोरण यांपैकी कोणत्या आकड्यावर उभे राहणार, हा केवळ सांख्यिकीचा प्रश्न नाही. जाळ्याचे आस, नौकांची संख्या, बंदीचा काळ हे सारे त्याच्याशी बांधलेले आहे.

सागरी मासेमारीचा आलेख पाहिला, तर वाढीपेक्षा हेलकावेच अधिक दिसतात. २०१२ मध्ये ३९.४ लाख टन मासळी किनाऱ्यावर आली. तो आजवरचा उच्चांक होता. महामारीच्या २०२० मध्ये ती २७.३ लाख टनांपर्यंत घसरली, २०२१ मध्ये ३०.५ लाख टन झाली, २०२३ मध्ये ३५.३ लाख टनांवर गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा किंचित उतरून ३४.७ लाख टनांवर आली. याचा अर्थ बारा वर्षांनंतरही समुद्र आपल्या जुन्या उच्चांकापेक्षा सुमारे १२ टक्के कमी मासळी देत आहे. या काळात नौकांची इंजिने मोठी झाली, मासळीचा थवा शोधणारी यंत्रे आली, समुद्रातील मुक्काम लांबले. अधिक श्रम, अधिक डिझेल आणि तेवढीच किंवा कमी मासळी, हा हिशेब रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून वेरावळपर्यंत सर्वत्र सारखाच आहे.

राज्यांच्या वाट्यातही स्थैर्य नाही. २०१८ मध्ये गुजरात अव्वल होता. २०१९ मध्ये ७.७५ लाख टनांसह तमिळनाडू पुढे गेले, २०२२ मध्येही ७.२२ लाख टनांसह तेच पहिले होते. २०२३ मध्ये गुजरातने ८.२३ लाख टनांसह पहिले स्थान परत मिळवले आणि २०२४ मध्ये ७.५४ लाख टनांवर घसरूनही ते राखले. २०२४ मध्ये गुजरात, तमिळनाडू (६.७९ लाख टन) आणि केरळ (६.१० लाख टन) या तीन राज्यांचा एकत्रित वाटा ५९ टक्के भरतो. किनारपट्टीच्या उरलेल्या सर्व राज्यांना मिळून ४१ टक्के राहतात.

महाराष्ट्राचे स्थान या यादीत वरचे नाही. २०१८ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर कोसळली. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक असल्याचे संशोधन संस्थेने तेव्हा नमूद केले होते. एका वर्षात राज्याचा राष्ट्रीय वाटा साडेआठ टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांच्या आसपास आला. त्या वर्षी अरबी समुद्रात 'वायू', 'क्यार', 'महा' अशी एकामागून एक चक्रीवादळे आली आणि मासेमारीचे मोलाचे दिवस वाया गेले. परंतु सारा दोष वादळांवर टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. पर्ससीन जाळ्यांवरील निर्बंध फेब्रुवारी २०१६ पासून लागू होते. त्यांची अंमलबजावणी किती झाली, यावरून पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकाधारक यांच्यात संघर्ष सुरूच राहिला. एलईडी दिव्यांच्या झगझगाटात मासळी गोळा करून ओढण्याविरुद्धच्या तक्रारीही त्याच काळातील आहेत. दिव्याभोवती जमलेल्या थव्यात मोठी मासळी येते तशी पिल्लेही येतात, आणि जाळे दोहोंत भेद करीत नाही.

प्रजातींकडे पाहिले की बाजाराची अस्वस्थता अधिक उघड होते. केरळमध्ये 'मत्ती' म्हणून गरिबाघरी रोज शिजणारी तारली २०१२ मध्ये त्या राज्यात जवळपास चार लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. दशकभरात शंभर भागांचा एक भागही उरला नाही. पुढे ती सावरली. २०२४ मध्ये देशभरात २.४१ लाख टन तारली मिळाली आणि २.६३ लाख टनांसह बांगडा पहिल्या क्रमांकावर राहिला. तारलीच्या या चढउताराचा संबंध समुद्राच्या तापमानाशी, पावसाशी आणि अन्नसाखळीतील बदलांशी जोडला जातो. ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न याच एका माशावर आहे, त्याला या स्पष्टीकरणाने धीर मिळत नाही. २०१९ मध्ये तर देशात सर्वाधिक मिळालेला मासा होता लाल दातांचा ट्रिगरफिश, २.७४ लाख टन. हा मासा फारसा कोणी खात नाही. त्याचा मोठा भाग मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांत जातो. देशाच्या नैसर्गिक मासळीत अव्वल ठरलेला मासा स्वयंपाकघरात न जाता कोंबड्या आणि कोळंबीच्या खाद्यात जावा, ही घटना एकूण टनांच्या बेरजेत दिसत नाही.

या घटनेतून आणखी एक दुवा लक्षात येतो. संवर्धनामुळे समुद्रावरील ताण कमी होतो, असा युक्तिवाद वारंवार केला जातो आणि रोहू-कटल्यासारख्या शाकाहारी माशांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. कोळंबीला मात्र मत्स्यचूर्णयुक्त खाद्य लागते, आणि ते चूर्ण समुद्रातूनच येते. त्यामुळे 'नैसर्गिक' आणि 'संवर्धित' हे दोन स्वतंत्र रकाने मानून केलेला हिशेब तितकासा खरा ठरत नाही.

निर्यातीत संवर्धित मासळीची सरशी पूर्ण झालेली आहे. २०२४-२५ मध्ये भारताने १६.९८ लाख टन सागरी उत्पादने निर्यात करून ६२,४०८ कोटी रुपये मिळवले. त्यातील ४३,३३४ कोटी, म्हणजे सुमारे ६९ टक्के, एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे होते. ती कोळंबी बहुतांशी शेततळ्यांतील व्हेनामी जातीची. समुद्रातून धरलेल्या कोळंबीला अमेरिकेचे दार २०१९ पासून बंद आहे, कारण ट्रॉल जाळ्यांत अडकणाऱ्या समुद्री कासवांना बाहेर पडण्यासाठी आवश्यक असलेली यंत्रणा भारतीय नौकांवर नसल्याचा तेथील आक्षेप आहे. डॉलरचा बाजार तळ्यातल्या मासळीकडे आणि देशांतर्गत ताज्या मासळीचा बाजार समुद्रातल्या व नदीतल्या मासळीकडे, अशी ही विभागणी होत गेली.

देशांतर्गत बाजार वाढतो आहे, यात शंका नाही. वर्ल्डफिश आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासानुसार दरडोई वार्षिक मत्स्यसेवन २००५-०६ मधील ४.९ किलोवरून २०१९-२१ मध्ये ८.८९ किलोवर गेले. मासे खाणाऱ्यांचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ७२.१ टक्क्यांवर आले. त्रिपुरात ते ९९ टक्क्यांहून अधिक आहे, तर हरियाणात सुमारे साडेवीस टक्के. नव्या ग्राहकांची ही भर मुख्यतः संवर्धित मासळीने भागवली आहे. समुद्र तेवढाच देत असताना ती दुसऱ्या मार्गाने भागणे शक्यही नव्हते. परिणामी पापलेट, सुरमई, घोळ, रावस यांसारख्या नैसर्गिक मासळीची मागणी वाढली, पुरवठा मात्र वाढला नाही. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे लिलावात बोली लावणाऱ्या कोळी भगिनींना हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्य मासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. यातील पहिला निर्णय सन्मानाचा आहे, दुसरा परिणामाचा. बोटभर पापलेट विकणारा आणि विकत घेणारा दोघेही पुढच्या वर्षीची मोठी मासळी संपवत असतात, हे कोकणात सर्वांना माहीत आहे. तपासणीचा हात बाजारापर्यंत पोहोचतो का, एवढाच प्रश्न उरतो.

गोड्या पाण्याकडे वळले की राजस्थान पुन्हा चर्चेत येतो. जयपूर आणि आमेरच्या नळांना पाणी देणारे बीसलपूर धरण टोंक जिल्ह्यात बनास नदीवर आहे. त्याची साठवण क्षमता ३८.७ अब्ज घनफूट. २०२५ मध्ये या धरणाचे दरवाजे प्रथमच जुलै महिन्यातच उघडावे लागले. शहराची तहान भागवणारे हे पाणी मासळीचेही आहे. राज्यातील मोठ्या जलाशयांत मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने दिले जातात. राजस्थान मत्स्य अधिनियम १९५३ चा आहे आणि १६ जून ते ३१ ऑगस्ट हा प्रजननकाळ बंदीचा असतो. स्थानिक मागणी मर्यादित असल्याने पकडलेल्या मासळीचा बराच भाग बर्फात भरून राज्याबाहेर जातो. म्हणजे धरण टोंकचे, ग्राहक परप्रांतातला, आणि जाळे ओढणारा मजुरीवर.

या व्यवस्थेला राजस्थानाच्या दक्षिणेकडील आदिवासी पट्ट्यात एक पर्याय दिला गेला. जयसमंद, बांसवाड्याचे माही बजाज सागर आणि डुंगरपूरकडील कडाणा जलाशयाचा फुगवटा येथे सरकारने ठेक्याच्या महसुलावर पाणी सोडून मासळीचा मोबदला थेट आदिवासी मच्छीमारांना देण्याची पद्धत आणली. 'आजीविका मॉडेल' या नावाने ती ओळखली जाते. मासळीच्या एकूण टनांत तिने किती भर घातली, याहून एका किलोमागे मच्छीमाराच्या हातात काय पडले, हा निकष तिने चर्चेत आणला, ही तिची खरी कामगिरी. समुद्रकिनाऱ्यावरील राज्यांनी वाळवंटाच्या राज्याकडून शिकावे अशी उदाहरणे फारशी नाहीत. हे त्यांपैकी एक ठरावे.

मात्र याच जलाशयांत वर्गीकरणाची पंचाईत होते. धरणात मत्स्य विभाग किंवा ठेकेदार रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतो. ती खाद्याविना, नैसर्गिक पाण्यात वाढतात आणि पुढे जाळ्यात सापडतात. ही मासळी नैसर्गिक म्हणायची की संवर्धित? विक्रेता तिला 'धरणाची ताजी मासळी' म्हणतो आणि ग्राहक तळ्याच्या मासळीपेक्षा तिला चार पैसे जास्त मोजायला तयार होतो. महाराष्ट्रातील उजनी जलाशयाने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली आहे. भीमेच्या मूळच्या मासळीची जागा तेथे चिलापीने घेतली. भिगवणच्या बाजारात येणारी चिलापी कोणी पिंजऱ्यात वाढवलेली नसते. ती जाळ्यातच येते. तरीही भीमा नदीची मासळी म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येत नाही. नद्यांची स्थिती याहून बिकट. १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित होण्यापूर्वी हिलसा मासा गंगेतून अलाहाबादच्याही पुढे चढत असे. आज तो प्रवास इतिहासजमा झाला आहे.

सरकारी धोरणाचा भर अजूनही मुख्यतः एकूण टनांवर आहे. २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीसह जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने २०२४-२५ पर्यंत २२० लाख टन उत्पादन आणि एक लाख कोटी रुपयांच्या निर्यातीचे लक्ष्य ठेवले होते. उत्पादन लक्ष्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आले, निर्यात ६२ टक्क्यांवर थांबली. काढणीपश्चात नासाडी २०-२५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आणण्याचे याच योजनेतील उद्दिष्ट नैसर्गिक मासळीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, कारण समुद्रातून एक किलोही जादा न काढता बाजारात मासळी वाढवण्याचा तो एकमेव मार्ग आहे. बर्फ, स्वच्छ बंदर आणि वेळेवर सुटणारी गाडी यांची बातमी होत नाही, एवढेच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. यांत्रिक नौकांना प्रवेश परवाना डिजिटल पद्धतीने घ्यावा लागणार आहे, पारंपरिक व लहान नौकांना त्यातून सूट आहे, आणि एलईडी दिवे तसेच जोडनौकांनी ओढायचे ट्रॉल जाळे या पद्धतींवर बंदी आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्यावरील ताण खोल समुद्राकडे वळवणे हा यामागचा विचार आहे. देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्राचा जवळपास निम्मा भाग अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपभोवती असल्याने तेथील ट्युनावर लक्ष आहे. महाराष्ट्राच्या मच्छीमाराला तातडीचा प्रश्न याहून जवळचा आहे. पालघर जिल्ह्यात ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. डहाणू ते सातपाटी हा पट्टा पापलेटसाठी ओळखला जातो. बंदराच्या भरावाने आणि जहाजांच्या वर्दळीने पकडीचे क्षेत्र आक्रसेल, असे स्थानिक मच्छीमार संघटनांचे म्हणणे आहे. त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या ३६४ कोटी रुपयांच्या योजनेचाही आरंभ झाला. नौकेचा ठावठिकाणा त्यामुळे उपग्रहाला कळेल. तिने मासळी कोठून आणली, हे ग्राहकाला कळण्याची सोय मात्र अद्याप नाही.

जयपूरच्या एखाद्या दुकानात बर्फावर मांडलेली रोहू आंध्रातील तळ्यातून आली की बीसलपूरमधून, हे आज विक्रेत्याच्या शब्दावरच मानावे लागते. मासळीची मूळ जागा आणि ती धरण्याची पद्धत बाजारात नोंदवली जाईपर्यंत नैसर्गिक मासळीचा राष्ट्रीय वाटा वरच्यासारख्या दोन वेगळ्या तक्त्यांची बेरीज करूनच काढावा लागेल. बीसलपूरची जाळी दरवर्षीप्रमाणे १ सप्टेंबरला पाण्यात उतरतील. कोकणातील नौका त्याच्या महिनाभर आधी, १ ऑगस्टला निघतील.